येथे दाबा, मग उघडा

श्रीखंड, दही, पनीर, आइस्क्रीम, मिठाई, हॉटेलातून मागवलेली भाजी हे सगळं हल्ली ज्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून घरी येतं, त्यांच्या झाकणाविरुद्ध माझी तक्रार आहे. अख्ख्या झाकणाविरुद्ध नाही, त्याच्या कडेच्या एका बारीकशा भागाविरुद्ध. झाकणाच्या एखाद्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढी एक जिभली असते. तिच्यावर बाण असतो आणि शेजारी ‘प्रेस हिअर’ अशी उठावाची अक्षरं असतात. जिभली दाबली की तिचे नाजूक सांधे तुटावेत, ती आत जावी, तिथे बोट शिरेल एवढी फट मिळावी, त्या फटीतून झाकण वर उचलावं आणि जेवणं आटोपल्यावर तेच झाकण पुन्हा घट्ट बसावं, अशी ही योजना आहे. योजना उत्तम आहे. ती ठरल्याप्रमाणे पार पडत नाही, आणि त्याकडे कुणी गांभीर्याने बघत नाही, हे माझं दुखणं आहे.

काय होतं ते क्रमाने सांगते. जिभली दाबली की आधी ती नुसतीच वाकते. सांध्यापाशी प्लॅस्टिक पांढरट पडतं, म्हणजे ताण आलेला डोळ्यांना दिसतो, पण सांधा तुटत नाही. आणखी जोर लावावा तर डबाच पुढे सरकतो, कारण त्याचं बूड गुळगुळीत असतं आणि ग्रॅनाइटचा ओटाही गुळगुळीत. दुसऱ्या हाताने डबा घट्ट धरावा तर त्याच्या पातळ भिंती आत दबतात, पलीकडचा कोपरा आपसूक सुटतो आणि तिथून रसगुल्ल्यांचा पाक नाहीतर भाजीवरचा तवंग ओट्यावर येतो. दोन सांध्यांपैकी एकच तुटला तर जिभली अर्धवट लोंबत राहते. ती पिरगाळून काढावी लागते आणि काढताना तिची धार बोटाला लागते. कधी सांधा जागच्या जागी राहतो आणि शेजारची कडच तडकते. मग जिभलीबरोबर झाकणाच्या कडेचा लचकाही निघून येतो. अशा वेळी झाकण उघडतं खरं, पण पुन्हा कधीच नीट बसत नाही.

सुरीबद्दल वेगळं बोलायला हवं. झाकण उघडायला सुरी घेऊ नये हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. तरी घरोघरी तेच होतं, कारण नखाने होत नाही, दातांनी करवत नाही आणि पानं वाढलेली असतात. सुरीचं टोक फटीत घालून पिळलं की अडून बसलेलं प्लॅस्टिक एकदम सुटतं, आणि त्याच्यावर लावलेला सगळा जोर घेऊन सुरी पुढे जाते. पुढे डबा धरलेल्या हाताचा तळवा असतो. दह्याचा डबा उघडताना हात कापून घ्यावा लागणं ही किरकोळ गोष्ट आहे असं मी मानायला तयार नाही. जी वस्तू उघडायला धारदार हत्यार लागतं, तिच्यावर ‘येथे दाबा’ असं लिहिणं चुकीचं आहे.

ही जिभली कुणाच्या लहरीतून आलेली नाही, हे मला माहीत आहे. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेत शिकागो आणि आसपासच्या भागात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरून त्या बाटल्या दुकानांतल्या फळ्यांवर परत ठेवल्या. सात माणसं दगावली. बाटली आधी कुणी उघडली होती का, हे ओळखायचं कोणतंच साधन घेणाऱ्याकडे नव्हतं. त्याच वर्षी तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या औषधांसाठी, छेडछाड झाली तर दिसून येईल असं वेष्टन सक्तीचं केलं, आणि १९८३ मध्ये मालाशी अशी छेडछाड करणं हा तिथे केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा ठरला. बाटलीच्या तोंडावरचा कागदी पापुद्रा, बुचाखालची तुटणारी कडी आणि आपल्या श्रीखंडाच्या डब्यावरची जिभली यांचं काम एकच. रात्री नऊ वाजता अनोळखी मुलगा दारात जेवणाचा डबा देऊन जातो, तेव्हा तो वाटेत कुणी उघडलेला नाही याची खात्री मलाही हवीच असते. म्हणून जिभली काढून टाका असं मी म्हणत नाही.

पण तिचं नेमकं काम काय, हे ध्यानात घेतलं पाहिजे. तिचं काम साक्ष देण्याचं आहे, अडवण्याचं नाही. कुणी आधी उघडलं असेल तर तुटलेला सांधा ते सांगतो, बस. त्यासाठी तो सांधा मजबूत असायची काहीच गरज नाही. हलक्या हाताने तुटणारा सांधाही तितकीच खरी साक्ष देतो. चोराला सुरी वापरायची मुभा असतेच, त्यामुळे जाड सांध्याने चोर थांबत नाही. थांबतो तो फक्त जेवायला बसलेला माणूस.

मग सांधा जाड का असतो? ही झाकणं साच्यातून निघतात. प्लॅस्टिक वितळवून मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात, ते थंड झालं की झाकण बाहेर पडतं. जिभली आणि झाकण यांच्यामध्ये जे बारीक पूल राहतात तेच हे सांधे, आणि त्यांची जाडी मिलिमीटरच्या अंशांत मोजायची असते. ती साच्यातच ठरते. एकदा साचा झाला की त्यातून निघणारं प्रत्येक झाकण तसंच येणार. सांधा फार बारीक ठेवला तर ट्रकच्या हादऱ्यांनी किंवा डब्यांच्या थप्पीच्या भाराने तो वाटेतच तुटेल आणि दुकानदार ‘हा उघडलेला आहे’ म्हणून डबा परत करील. जाड ठेवला तर वाटेत काही होणार नाही, घरी तुटणार नाही इतकंच. पहिल्या चुकीची किंमत कारखाना मोजतो, दुसरीची माझा अंगठा. कारखान्याला परत आलेले डबे मोजता येतात, दुखावलेले अंगठे कुणी मोजत नाही. त्यामुळे सांधा जाडीकडेच झुकत राहतो, यात मला नवल वाटत नाही. पण नवल वाटत नाही म्हणून ते योग्य ठरत नाही.

त्यात थंडीची भर. अशा झाकणांना पॉलिप्रॉपिलीन सर्रास वापरतात. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो तो त्याचाच. खोलीच्या उबेत हे प्लॅस्टिक चिवट असतं, हजारदा वाकवलं तरी तुटत नाही. बिजागरीसारखी घडी पडणारी झाकणं म्हणूनच त्याची करतात. पण साधं पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं. थंड मालासाठी त्याचा इथिलीन मिसळलेला प्रकार मिळतो, तो थंडीतही बराच लवचिक राहतो. तात्पर्य असं की खोलीतल्या तापमानाला, कोरड्या हाताने तपासलेलं झाकण फ्रीझरमधून काढल्यावर तसंच वागेल याचा भरवसा नाही. आइस्क्रीमचा डबा तर उणे अठरा अंशांतून येतो. त्याच्यावर दव जमतं, बोटं बधिर होतात, अंगठा घसरतो आणि चिवट असायला हवी ती कड नेमकी काचेसारखी तडकते. आइस्क्रीमचं झाकण फ्रीझरमधून काढूनच तपासलं पाहिजे, हे सांगायला तज्ज्ञ लागू नये.

अक्षरांचंही तेच. पारदर्शक झाकणावर पारदर्शक उठावाची अक्षरं असतात. शाई नाही, रंग नाही. ती वाचायला डबा उजेडात तिरका धरावा लागतो, आणि आत पातळ भाजी असेल तर डबा तिरका धरता येत नाही. काही डब्यांवर चार कोपऱ्यांना चार सारख्या दिसणाऱ्या कडा असतात, त्यांतली एकच दाबायची असते. चुकीच्या कोपऱ्यावर जोर लावून दमल्यावर खरा कोपरा सापडतो. वजन, किंमत, उत्पादनाचा महिना ठळक छापलेला असतो, कारण तो छापावाच लागतो. उघडण्याची जागा मात्र ज्याची त्याने चाचपून शोधायची.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. पाडव्याच्या आदल्या रात्री चक्का टांगायचा, सकाळी तो साखर घालून पुरणयंत्रातून काढायचा, केशर दुधात खलायचं, वेलदोडा स्वतः कुटायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोठ्या पंगतीसाठी केलं. आता श्रीखंड विकतचं येतं. गेल्या पाडव्याला त्यांनी फ्रिजमधून डबा काढला, पदराने झाकणावरचं पाणी टिपलं, चष्मा सारखा करून बाण शोधला आणि त्यावर अंगठा ठेवून दाबलं. जिभली वाकली. त्यांनी दुसरा अंगठा लावला. मग चमच्याचा दांडा लावून पाहिला, तो सटकला. तेव्हा डबा खाली ठेवून त्या म्हणाल्या, “माझ्या हातांत आता काही राहिलं नाही गं.” मी म्हटलं, “आई, झाकणच तसलं आहे, माझ्याच्याने तरी कुठे होतंय.” आणि खरोखरच माझ्याही अंगठ्याने झालं नाही. शेवटी लेकाने सुरीने ते काढलं. पण आपल्या हातांबद्दल जे त्या बोलून गेल्या, ते माझ्या बोलण्याने पुसलं गेलं नाही. जेवताना त्यांनी श्रीखंड कमी घेतलं, आणि नंतर कितीतरी दिवस फ्रिजमधला असला कुठलाही डबा स्वतः काढायचं टाळलं.

माझ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. दोष साच्याचा, आणि कमीपणा माणसाच्या वाट्याला. झाकण उघडलं नाही की आपण झाकणाला नाव ठेवत नाही. आपल्याला जमत नाही, आपली नखं कमी पडतात, आपलं वय झालं असं म्हणतो आणि घरातल्या तरण्या माणसाला हाक मारतो. ज्यांच्या घरात हाक मारायला कुणी नाही, ते तो पदार्थ आणायचंच सोडून देतात. आज कितीतरी घरांत मुलं परगावी किंवा परदेशी आहेत आणि मागे दोघं म्हातारी, नाहीतर एकटंच माणूस आहे. स्वयंपाक होत नाही म्हणून डबा मागवायचा आणि डबा उघडत नाही म्हणून उपाशी बसायचं, ही वेळ कुणावरही येता कामा नये.

हाताचं शास्त्र यात झाकणाच्या विरोधातच साक्ष देतं. अंगठ्याने दाबताना किंवा चिमटीत धरताना टोकाशी जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी पट भार अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर पडतो. हा सांधा झिजण्याचं प्रमाण पन्नाशीनंतर बायकांत विशेष दिसतं. कणीक मळणं, कपडे पिळणं, खवणीवर नारळ खवणं यांत ज्यांचे अंगठे आयुष्यभर राबले, त्यांच्याकडूनच ही जिभली सगळ्यात जास्त जोर मागते. आणि तो जोर सगळ्या हाताने देता येत नाही, कारण तिच्यावर एका अंगठ्याचं टोक मावेल एवढीच जागा असते.

आता पुन्हा बंद होण्याबद्दल. आपल्या घरांत श्रीखंडाचा डबा रिकामा झाला म्हणून फेकला जात नाही. त्यात निवडलेला कढीपत्ता राहतो, आलं-लसणीचं वाटण राहतं, सोललेले मटार फ्रीझरमध्ये जातात, शेजारच्या काकूंना उकडीचे मोदक जातात. चांगल्या झाकणाचा डबा वर्षानुवर्षं चालतो. पण ज्या झाकणाचा कोपरा जिभलीबरोबर गेला, त्याच्यात ठेवलेल्या वाटणाचा वास दुधाला लागतो आणि कढीपत्ता दोन दिवसांत काळा पडतो. तुटलेल्या सांध्यांचे टोकदार खुंट कडेला राहतात, ते भांडी घासताना बोटांना टोचतात. घासणाऱ्या मावशींनी एकदा मला बोट दाखवलं, तेव्हापासून असं झाकण आलं की मी आधी नेलकटरने ते खुंट काढते. आणि सुटी झालेली जिभली? नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा कचरा वेचणाऱ्यांच्या हाती लागण्यासारखा नसतो. तो मोरीतून, गटारातून जिथे जायचा तिथे जातो.

हे असंच चालायचं, यावर उपायच नाही, असं कुणी म्हणू नये. उपाय झालेले आहेत. सोड्याच्या आणि बिअरच्या कॅनचंच बघा. आधी ते फोडायला वेगळं हत्यार लागायचं. अमेरिकेत ओहायोतल्या डेटनच्या एर्मल फ्रेझ यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओढून काढायची कडी आणली. लोकांना ती आवडली, पण तुटून आलेल्या धारदार कड्या समुद्रकिनारी पसरल्या आणि अनवाणी पायांत घुसू लागल्या. मग १९७० च्या दशकात कूर्स या कंपनीने आपल्या कॅनवर दाबून आत ढकलायच्या दोन गोल खुणा आणल्या. आधी लहान खूण दाबून आतली हवा सोडायची, मग मोठी दाबायची. माझ्या श्रीखंडाच्या झाकणाचा पूर्वजच तो. पण दाबताना बोट पत्र्याच्या कडेपर्यंत आत जायचं आणि कापलं जायचं. ती तऱ्हा टिकली नाही. १९७५ मध्ये रेनॉल्ड्स मेटल्स या कंपनीतल्या डॅनियल कझिक यांची, उघडल्यावरही कॅनलाच चिकटून राहणारी कडी बाजारात आली, आणि आज जगभर तीच चालते. तिच्यात तरफ आहे, म्हणून जोर कमी लागतो. सुटा तुकडा निघत नाही. तुटलेली कड आत वळते, बोटाला लागत नाही. डझनभर वर्षांत हा प्रश्न सुटला, कारण लोकांनी कापलेली बोटं आणि पाय ही तक्रार करण्याजोगी गोष्ट मानली.

बाटल्यांच्या बुचांचंही तसंच. युरोपीय संघाने २०१९ मध्ये निर्देश काढला आणि ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटल्यांचं प्लॅस्टिकचं बूच उघडल्यावरही बाटलीलाच जोडलेलं राहणं तिथे बंधनकारक झालं. म्हणजे बुचासारख्या किरकोळ वस्तूसाठी कायदा करायला इतक्या देशांना कमीपणा वाटला नाही. जपानमध्ये काओ या कंपनीने १९९१ मध्ये शॅम्पूच्या बाटलीवर हाताला लागतील अशा खाचा आणल्या. डोळे मिटलेले असताना, किंवा दिसतच नसताना, शॅम्पू कोणता आणि केस धुतल्यावर लावायचं कंडिशनर कोणतं हे बोटांनी कळावं म्हणून. पुढे इतर कंपन्यांनीही तीच खूण घेतली. वापरणाऱ्याच्या हाताचा विचार आधी केला तर काय होऊ शकतं, ते त्या खाचांत दिसतं.

आणि सगळ्यात मोठा दाखला औषधांच्या बाटल्यांचा आहे. लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशी झाकणं अमेरिकेत १९७० च्या कायद्याने आली. दाबून फिरवायची ती झाकणं. ही झाकणं अवघड असावीत हाच त्यांचा हेतू. तरी त्यांची परीक्षा दोन्ही बाजूंनी घेतली जाते. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांपैकी किमान ८० टक्के मुलांना दहा मिनिटांतही ती उघडता येता कामा नयेत. आणि ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी किमान ९० टक्के माणसांना ती उघडताही आली पाहिजेत आणि पुन्हा नीट बंदही करता आली पाहिजेत. विष ठेवायच्या बाटलीला ही अट आहे. मग श्रीखंडाच्या डब्याला का नसावी? जे झाकण अवघड असायला हवं त्याला म्हाताऱ्या हातांची परीक्षा द्यावी लागते, आणि जे सोपं असायला हवं त्याला ती कुणी विचारत नाही, ही विसंगती मला सहन होत नाही.

आपल्याकडे वेष्टनात बंद केलेल्या मालासाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. उत्पादकाचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं डब्यावर छापावं लागतं. वजनाचे आकडे किमान किती उंचीचे असावेत हेही त्यात ठरलेलं आहे. त्या यादीत उघडण्याची जागा ठळक दाखवा हे एक कलम वाढवणं अशक्य नाही. वेष्टन सहज उघडता यावं यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १७४८०, २०१५ सालचं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. इजा टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना न देणं, ही उत्पादकाची चूक त्यात धरलेली आहे. पारदर्शक अक्षरांतला ‘प्रेस हिअर’ ही पुरेशी सूचना आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मी विचारलाही. पाडव्यानंतर डब्यावरच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने अदबीने विचारलं, माल खराब आहे का? वजन कमी आहे का? मुदत संपलेली आहे का? तिन्हींना माझं उत्तर नाही होतं. मी म्हटलं, “श्रीखंड उत्तम होतं, झाकण उघडलं नाही.” ती थोडी थांबली, कारण तिच्या समोरच्या यादीत ही तक्रार बसत नव्हती. शेवटी तिने ती ‘इतर’मध्ये नोंदवली आणि डबा बदलून दिला. नव्या डब्याला तेच झाकण होतं. त्या मुलीचा यात काही दोष नाही. तिला मिळालेल्या यादीत झाकणाचा रकानाच नसेल तर ती लिहिणार कुठे? पण रकाना नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे कारखान्याच्या हिशेबी हा प्रश्नच नाही.

म्हणून माझ्या मागण्या मी स्पष्ट लिहिते. जिभली किमान अंगठ्याच्या पेराएवढी रुंद असावी आणि तिच्याखाली डबा टेकायला आधार असावा. तिचा रंग झाकणापेक्षा वेगळा असावा, म्हणजे चष्म्याशिवायही ती दिसेल. तिचे सांधे झाकणाच्या मुख्य कडेपासून वेगळे असावेत, म्हणजे जिभली तुटली तरी कडेला धक्का लागणार नाही आणि झाकण पुन्हा बसेल. तुटल्यावर मागे टोकदार खुंट राहू नयेत, आणि जमलं तर कॅनच्या कडीसारखी जिभली झाकणालाच लटकून राहावी. नवं झाकण बाजारात आणण्याआधी ते फ्रिजमधून काढून, ओल्या हातांनी, साठीपुढच्या माणसांकडून, हत्याराशिवाय उघडून आणि पुन्हा लावून पाहावं. यातली एकही मागणी चंद्रावर जाण्याची नाही. साचा बदलायला खर्च येतो हे मला मान्य आहे. पण तो साच्याला एकदाच येतो, आणि आज त्याच्याऐवजी जो खर्च होतो तो रोज, घरोघरी, दुसऱ्याच्या हातातून वसूल होतो.

आणि वाचणाऱ्यांनाही विनंती आहे. झाकण उघडलं नाही तर ‘जाऊ दे, एवढंसं तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. डब्यावर तक्रारीचा क्रमांक छापलेलाच असतो, तिथे फोन करा. ‘झाकण’ हा शब्द नोंदवून घ्यायला सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आपल्याच शहरांत आहेत. हॉटेलातून मागवलेल्या जेवणाला तारे देताना चवीबरोबर डब्याबद्दलही दोन ओळी लिहा. हॉटेलवाला ज्याच्याकडून डबे घेतो, त्याला तो दुसरे डबे मागू शकतो. घरातल्या मोठ्या माणसांना, त्यांच्या हातांत काही राहिलं नाही असं वाटू लागलं, तर तो डबा त्यांच्यासमोर ठेवून झाकणाचा सांधा दाखवा आणि दोष कुणाचा ते सांगा. श्रीखंडाची किंमत देताना आपण डबा आणि झाकण या दोन्हींची किंमत देतो. उघडता येणं हा त्या मालाचाच भाग आहे, आणि पैसे देऊनही तो मिळाला नाही तर मागून घेण्यात लाज वाटण्याचं काही कारण नाही.